पायरीला कळू न देता

—आणि मला बघितलं तशा दोघी गप्प! तुम्ही आत्ता त्यांच्या शेजारूनच आलात ना भाऊ, त्या कोपऱ्यावरच्या हौदापाशी? एक न्हाव्याची बायको, आणि दुसरी ती पलीकडची लोकर पिंजणारी. घागर भरून वाहतेय, पायावर गार पाणी पडतंय, तरी बाईला शुद्ध नाही. मी मागून येतेय, आणि कानावर काय पडतं, तर ‘गाठोडंभर तलवारी गं, आणि त्या पण तिच्या डोक्यावरच—’ एवढ्यात माझ्या चपला वाजल्या. झालं! तोंडाला कुलूप. एक म्हणते, ‘काय मावशी, थंडी वाढलीय नाही?’ मी म्हटलं, वाढलीय की, तुमच्या तर जिभा गोठल्यात! अहो, कुणाच्या डोक्यावर म्हणजे काय? माझ्याच! या ओप्पियाच्या. दुकान माझं खाली, दुकानावर माळा, आणि माळ्यावर ट्रेबियस. माझं छत म्हणजे त्याची जमीन. मग तलवारी माझ्या डोक्यावर नाहीतर काय त्यांच्या वेणीत असणार?

बसा हो, बसा. त्या बाकावर नको, त्याचा पाय निखळलाय, इकडे चुलीजवळ या. हरभरे देऊ? आत्ताच उतरवलेत, वरून माशाचं खारं पाणी आणि जिरं, थंडीत बरं वाटतं. कोबी पण आहे. मध घातलेली गरम वाइन हवी असेल तर दम धरा जरा, भांडं नुकतंच ठेवलंय. आज गिऱ्हाईकच नाही बघा. या वेळेला एरवी इथे उभं राहायला जागा नसते—शिवणारे, कमावणारे, खिळे ठोकणारे, सगळी आळी कातड्याचीच, ते तुमच्या नाकाला कळलंच असेल—आणि आज? तुम्ही एकटे. सगळे फोरमच्या वाटेला लागलेत. दुपारी कॉन्सल परत बोलणार ना. काल अर्धवट सोडलं, आज नाव घेणार. नाव! ट्रेबियसचं. म्हणजे—घेतलेलं नाही अजून. पण सगळ्या आळीला माहितेय.

काल तुम्ही होतात तिथे? नव्हतात? मग तुम्ही काही बघितलंच नाहीत. मी गेले होते. ट्रेबियसच म्हणाला, ‘चला मावशी, सगळी आळी चाललीय, तुम्हीच कशाला मागे राहता?’ खोगिरं शिवतो तो. चांगली शिवतो. बायको मागल्या वर्षी तापानं गेली, तेव्हापासून माझ्याकडेच जेवतो. म्हणजे जेवायचा. तर आम्ही दोघं गेलो, चौथऱ्याच्या डाव्या अंगाला उभे राहिलो, खांबाला टेकून. आणि नूमिसियस वर आला. एवढा कॉन्सल, पण आला कसा, तर घरातलं कुणीतरी वारल्यासारखा. मान खाली. काही बोलेच ना. लोक बोलत होते, अक्रोड फोडत होते, ते हळूहळू थांबले. मग बोलायला लागला, तर इतकं हळू, इतकं हळू की माणसं पुढे सरकायला लागली. माझा नवरा लिलाव पुकारायचा हो, गुलामांचा, भांड्यांचा, मेलेल्यांच्या सामानाचा, त्याला गळ्यातलं सगळं कळायचं. तो म्हणायचा, ‘ओप्पिया, ओरडतो तो कच्चा. आधी त्यांना कान पुढे करायला लाव, मग त्या कानात काय पाहिजे ते ओत.’ तर हा नूमिसियस तसला. मुरलेला.

आधी सांगितलं त्या तार्क्विटियसचं. मोठ्या घराण्यातला, निवडणूक हरला आणि डोकं फिरलं. आता डोंगरापलीकडे माणसं जमवतोय, आणि इथे शहरात त्याचे लोक चारी बाजूंनी आग लावणार, असं. एवढं आम्हाला माहीत होतं. मग कॉन्सलनं खांद्यावरची टोगाची घडी मागे टाकली, हात असा लांब केला—असा, तळहात वर—आणि म्हणाला, ‘त्यांच्यातला एक तुमच्यातच उभा आहे.’ अहो, थंडीत घाम फुटला लोकांना. जो तो शेजारच्याकडे बघतोय. ‘त्याचं नाव मी आज घेणार नाही,’ म्हणाला. ‘तो कुठल्या आळीत राहतो, तेही सांगणार नाही. तिथे कातडं शिवतात, हे मी का सांगू? तो कुणाच्या दुकानावर माळ्यावर राहतो, हे माझ्या तोंडून ऐकायला मिळणार नाही. दिवे लागले की त्याच्याकडे तिघं येतात, त्यातला एक लंगडतो, आणि कोपऱ्यात एक गाठोडं दिवसेंदिवस फुगत चाललंय—नाही, नाही, नागरिकहो, यातलं काही मी सांगत नाही! आणि ते तिघं पायरीलासुद्धा कळू न देता जिना चढतात, हे तर मी मुळीच, मुळीच सांगणार नाही!’

काय वाक्य आहे! पायरीला कळू न देता. नुसतं ऐकलं तरी डोळ्यांपुढे उभे राहतात की नाही, तसले लबाड पाय? मी टाळी वाजवली हो. खरं सांगते. पहिली टाळी माझी. मग सगळ्यांनी वाजवल्या.

आणि मग कळलं.

म्हणजे हळूहळू कळलं. कातड्याची आळी. माळा. दुकान. मागून कुणीतरी म्हणालं, मोठ्यानं नाही, असंच, शेजाऱ्याला सांगितल्यासारखं, ‘खोगीरवाला.’ कॉन्सलनं नाव घेतलंच नाही, बघा! ही कला आहे. माझा नवरा म्हणायचा, किंमत आपण बोलायची नाही, गिऱ्हाइकाच्या तोंडून वदवायची, म्हणजे मग त्याला मागे फिरता येत नाही. नावाचं पण तसंच. कॉन्सलनं नाव घेतलं असतं तर कुणीतरी विचारलं असतं, पुरावा काय? पण नाव घेतलं लोकांनीच. आता लोक कशाला स्वतःला पुरावा विचारतील? ‘खोगीरवाला, खोगीरवाला’ असं होत होत आमच्यापर्यंत आलं, आणि आमच्याभोवतीची माणसं मागे सरकायला लागली. पाणी ओसरतं तशी. कुणी ढकललं नाही, मारलं नाही. नुसती जागा झाली. आणि त्या जागेत तो एकटा, हातात टोपी, तोंड पांढरंफटक. मी? मी तिथेच होते. म्हणजे, त्या खांबाच्या पलीकडे. गर्दीनं मला ओढलं हो, मी नाही गेले. गर्दीत पाय आपले असतात का?

आणि कॉन्सल वरून बघतोय. त्यानं बोट नाही दाखवलं. म्हणाला, ‘उद्या दुपारी याच जागेवरून मी नाव घेईन. तोपर्यंत त्यानं स्वतः येऊन बाकीच्यांची नावं द्यावीत.’ उतरला आणि गेला. आता एकदा त्या चौथऱ्यावरून नाव उच्चारलं ना, की संपलं. मग खालचा तो तुरुंग, त्या तुरुंगाखालचा तो खड्डा, आणि दोरी. खोगीर शिवणाऱ्यासाठी कुणी वकील उभा राहतो का? मोठ्यांना खटले असतात, आपल्याला दोरी असते.

हां, वाइन झाली बहुतेक. घ्या. हरभरे खा की, गार होतील. काय? तो कुठे आहे? अहो, गेला! गेला तो, पळाला, ओस्टियाला, जहाज पकडून. आज पहाटेच. मी स्वतः बघितलं जाताना. बिचारा कालपासून एक घास खात नाहीये—म्हणजे नव्हता. खात नव्हता. जाण्याआधी. कसला आवाज? खोकला? छे हो! बदक आहे ते. त्या पडद्यामागे कोठी आहे, तिथे बांधलंय, सणासाठी पोसतेय. थंडीत खोकतं ते असं, अगदी माणसासारखं. खोकू नकोस रे! बघा, ऐकतं कसं. आणि हे दोन वाडगे काय बघताय, मी दोनदा खाते. या वयात भूक वाढते बाईची.

पण मला सांगा, तुम्ही बाहेरचे दिसता, तुम्हाला तटस्थपणे सांगता येईल—तो तसला माणूस असेल का? मी त्याच्या छताखाली राहते. म्हणजे जमिनीखाली. वरच्या फळ्यांना फट आहे एक, चुलीच्या बरोबर वर, धूर काळा करतो म्हणून मी मधूनमधून स्टुलावर चढून ती पुसते. त्या दिवशी पण पुसतच होते. आता फट पुसताना कान काय काढून ठेवायचे? ते तिघं जमतात ते कशासाठी, हे सगळ्या आळीला माहितेय, फक्त कुणी बोलत नाही. अहो, मंडळ! आमच्या चौकाचं मंडळ. सिनेटनं सगळी मंडळं बंद केली ना—चार गरीब एकत्र बसले की यांना दंगाच दिसतो—आणि मंडळ बंद म्हणजे चौकातल्या देवांचा सण बंद. जत्रा नाही, मुष्टियुद्ध नाही, ठीक आहे. पण बाहुल्या? बाहुल्या टांगायच्या नाहीत? घरात जितकी माणसं तितक्या लोकरीच्या बाहुल्या चौकातल्या देवळीवर टांगायच्या, गुलामांसाठी लोकरीचे गोळे. आदल्या रात्री देव येतात, त्यांना माणसं मोजून न्यायची असतात, तर त्यांनी माणसांच्या ऐवजी बाहुल्या न्याव्यात म्हणून. वर्षभर मग तुमच्या घराला हात लावत नाहीत. ते कसं बंद करायचं? मागल्या वर्षी घाबरून कुणी टांगल्या नाहीत. आणि काय झालं? ट्रेबियसची बायको गेली. त्यानंच ठरवलं, यंदा टांगायच्या. गपचूप. आख्ख्या आळीच्या. तो आणि कोपऱ्यावरचा कुंभार—लंगडतो तो कुंभारच, भट्टी पायावर पडली होती त्याच्या—दोघं बसून बाहुल्या करतात, आणि गाठोड्यात भरून ठेवतात. म्हणून ते फुगत चाललंय! म्हातारे बाप्ये लोकर गुंडाळताना बघितलेत कधी? मला हसू आवरत नाही, तोंडात पदर कोंबून बघते मी. आणि वर जाताना कसे जातात, तर चोरासारखे, पायरीला कळू न दे—

थांबा.

हे कुठे ऐकलं मी? काल. काल कॉन्सल म्हणाला. हो, पण... नाही. नाही नाही. हे माझं आहे. अहो, हे माझं वाक्य आहे! माझा नवरा पिऊन यायचा ना, तेव्हा मी त्याला म्हणायचे, ‘आलात? पायरीला कळू न देता आलात?’ जन्मभर म्हणत आले मी हे. त्या कॉन्सलला कुणी सांगितलं? काल टाळी वाजवली ती मी स्वतःलाच वाजवली म्हणजे! आणि तो माझ्या घरचं वाक्य घेऊन... तरीच मला वाटलं, किती ओळखीचं बोलतो हा माणूस, जसा काही आपल्या आळीतलाच.

मी कुणाला सांगितलं हे? ट्रेबियसच्या जिन्याचं, तिघांचं, गाठोड्याचं? न्हाव्याच्या बायकोला नाही. तिच्याशी तेव्हा बोलणं बंद होतं माझं, तिनं माझा तवा नेऊन परत दिला नव्हता. मागच्या बाजाराच्या दिवशी... दुकानात गर्दी होती... नाही, गर्दी नव्हती, गर्दी नंतर झाली. एक गिऱ्हाईक होतं. लोकरीचा व्यापारी म्हणाला स्वतःला. कोबी घेतला होता. आणि खाल्ला नाही. मला आठवतंय, कारण मी तो नंतर बदका... बदकाला घातला. एक पान उष्टं नव्हतं. मी म्हटलं, व्यापारी लोकांना भूक नसते का?

तुम्ही हरभरे खाल्ले नाहीत, भाऊ.

डोक्यावर ते टोपड्यासारखं काय ओढून बसलात, ते जरा मागे घ्या. उजेडात या. हां. त्या दिवशी दाढी होती तुम्हाला, न्हावी बदललात वाटतं. हात दाखवा. अहो, खाणार नाही मी तुमचा हात, दाखवा! नखांत काय आहे? मेण. लोकरीच्या व्यापाऱ्याच्या नखांत लोकर असते, चरबी असते. मेण कुणाच्या नखांत असतं ते मला माहितेय, लिलावात तसला एक कारकून बसायचा माझ्या नवऱ्याशेजारी, तोंडातून शब्द निघायच्या आत मेणाच्या पाटीवर टोचून मोकळा. तर तुम्ही असे गल्लोगल्ली बसता, बायकांकडून वाइन घेता आणि कान उघडे ठेवता. आणि मग तो तिथे उभा राहून हात पसरून म्हणतो, मला सगळं माहीत आहे, देवांनी मला डोळे दिलेत! डोळे! देवांनी नाही हो दिले, ओप्पियानं दिले. कोबीच्या भाजीबरोबर.

उठू नका. बसा म्हणते ना! आता बसायचं. त्या दिवशी पण तुम्ही असेच उठलात. माझं सांगून झालं नव्हतं, मी भांडं ढवळायला वळले, आणि वळून बघते तर बाक रिकामा. अर्धीच गोष्ट घेऊन गेलात तुम्ही! आणि अर्ध्या गोष्टीवर तिकडे माणसाचा गळा आवळतायत. आता उरलेली अर्धी पण न्यायची. दुपार व्हायला वेळ आहे. नीट ऐका, आणि टोचायचं असेल तर टोचा त्या मेणात, माझी हरकत नाही.

तिघं होते, बरोबर. एक ट्रेबियसच्या जिवाचा कुंभार, दुसरा आमचा पाव भाजणारा, बहिरा आहे तो, त्याला कटात घेऊन काय कट करणार? पण तिसरा... तिसरा आमच्यातला नव्हता. एकदाच आला तो. केसांना अत्तर. चांगली चप्पल, घोट्यापर्यंत बांधलेली. हो, तो तार्क्विटियसचा माणूस होता. बघा, मी लपवत नाही. तुमच्या कॉन्सलचं तेवढं खरं आहे. तो म्हणाला, ‘तुमचं मंडळ आम्ही परत सुरू करून देऊ, सण करा, जत्रा करा, नवी देवळी बांधून देऊ. फक्त सांगू त्या दिवशी तुमच्या मंडळाची पोरं द्या, आणि सांगू त्या कोपऱ्यावर आग लावा.’ आणि ट्रेबियस—मी फटीला कान लावून होते, मानेत कळ आली होती—ट्रेबियस उठून उभा राहिला, फळ्या कुरकुरल्या. मग म्हणाला, ‘चौकातले देव जाळून त्यांना नवी देवळी देणार होय? हे उचल, आणि खाली उतर. आणि परत या जिन्यावर दिसलास तर मी स्वतः फोरमला जाऊन ओरडीन.’ अगदी याच शब्दांत. हे उचल म्हणजे काय उचल, ते मला दिसलं नाही, फट लहान आहे. पैशाची थैली असेल, नाहीतर वाइनचा बुधला. असले लोक रिकाम्या हातानं येत नाहीत. तो माणूस गेला. तो मात्र पायऱ्या दणदणा वाजवत गेला.

मग जाऊन ओरडला का नाही, असं विचारताय? कसा ओरडेल! काय सांगणार तो? की बंदी असलेल्या मंडळाच्या बैठकीत बसलो होतो, तिथे हा आला? एका दोरीतून सुटायला दुसरी गळ्यात घालायची? म्हणून गप्प बसला. आणि तो गप्प बसला म्हणून मी... मला कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवेना. तेवढाच माझा दोष. तुम्ही आलात, ‘थंडी फार आहे मावशी’ म्हणालात, इतक्या प्रेमानं म्हणालात—

आता जा आणि त्याला सांगा. एवढं मोठं तोंड आहे त्याचं, त्यात ही चार वाक्यं मावतील. त्यानं नाव घेऊ नये. किंवा घ्यावं, आणि म्हणावं, या माणसानं नाही म्हटलं. तेवढं म्हणाला तरी टाळ्या पडतील, मी वाजवीन पहिली! विश्वास नाही बसत? गाठोडं हवंय तुम्हाला. सगळ्यांना ते गाठोडंच हवंय. ठीक आहे, दाखवते. दाखवते ना! माझ्याकडेच ठेवलंय त्यानं, काल रात्री, इथे पडद्याआड—म्हणजे पळण्याआधी. गप रे! नाही, तू गप बस, मला कळतंय मी काय करतेय! ... बदकाला म्हणतेय. फार फडफड करतं. हात सोड! गाठोडं उघडलं की सगळं स्पष्टच होईल, वेड्या, यात लपवायचं काय आहे, लोकर तर आहे!

हे घ्या. जड आहे बाई. इतकी लोकर? बसा तिथेच, मी सोडते गाठ. नेहमीची खोगीरवाल्याची गाठ, सुटत नाही लवकर... हं. बघा आता. या बघा तलवारी! हा कुंभार, एक पाय आखूड केलाय मुद्दाम, हसतात कसे एकमेकांवर! हा बहिरा, कानच नाहीत याला. ही न्हाव्याची बायको—वेणी बघा केवढी, आणि तिच्या लेकी, सगळ्या एकाच साच्यातल्या. हे गोळे, पावाच्या भट्टीवरच्या गुलामांचे. हा ट्रेबियस स्वतः, हातात सुई दिलीय. आणि ही... ही कोण? बसकी. तांबड्या दोऱ्याचं एवढं मोठं तोंड. या कानापासून त्या कानापर्यंत. अहो, ही मी आहे! अरे गाढवा, असं करतात का मावशीला? पण केली मात्र. माझ्या घरात मी एकटी, माझी कुणी केलीच नसती. मागल्या वर्षी मी देवांना म्हटलं होतं, न्यायचं तर न्या, मोजायला आहेच कोण... आणि यानं केली. एवढ्या तोंडासकट.

आता सांगा. दिसतंय काही टोकदार? दिसतंय काही धारेचं? सगळी बोंब लोकरीसाठी! झाडून दाखवते हे कापड, तळापर्यंत झाडते, बघा—

...

...

हे...

हे मला माहीत नव्हतं.

नाही. हात लावू नका. मी उचलते. माझं आहे ते. माझा सुरा आहे. कोबी चिरायचा. काय? लांब आहे? माझे कोबी मोठे असतात. दोन्ही बाजूंनी धार आहे, बरोबर, वेळ वाचतो.

एकच आहे. ‘गाठोडंभर’ म्हणत होत्या त्या. एकच आहे बघा, तुम्ही स्वतः बघितलंत. हे उचल, म्हणाला होता तो. मी ऐकलंय. ‘हे उचल.’ त्या अत्तरवाल्यानं उचललं नसेल, टाकून गेला असेल मुद्दाम, यानं टाकायचं कुठे म्हणून लोकरीत... असं असेल ना रे? असंच आहे ना? ... बोल की आता! एवढा खोकत होतास मघापासून!

... बोलत नाही. बदकं बोलत नाहीत.

काय बघताय पडद्याकडे? तिथे कोठी आहे. तुम्ही आत जाणार नाही. मी जाऊ देणार नाही. माझ्या हातात काय आहे ते आहे, आणि मी कोबी चांगला चिरते. बसल्या जागी ऐका, शेवटचं. काय झालं, कुणी ठेवलं, कशासाठी ठेवलं, मला माहीत नाही. मला जे ऐकू आलं ते मी सांगितलं. जे दिसलं ते... ते मी सांगणार नाही. कसं वाटतं? तुमच्या कॉन्सलसारखं म्हणते बघा. हा सुरा किती लांब आहे, ते मी सांगणार नाही. तो कशात गुंडाळला होता, ते माझ्या तोंडून ऐकायला मिळणार नाही. यापुढे तुम्हीच काय, न्हाव्याच्या बायकोनं तवा घासून आणून दिला तरी मी बोलणार नाही.

रिकाम्या हातानं नका जाऊ. ही घ्या. ही त्याची बाहुली, सुईवाली. घ्या हो, चावत नाही. तुमच्या त्या नूमिसियसला द्या. सांगा, कातड्याच्या आळीतून आणलाय तुमचा माणूस, एवढाच होता. चौकातले देव माणसाऐवजी बाहुली घेऊन परत जातात, दरवर्षी, कुरकुर करत नाहीत. त्याला नाही चालत? त्यांच्यापेक्षा मोठा झाला का तो? मग ही पण न्या. हो, माझी. तोंड मोठं आहे तिचं, फार बोलते, त्याच्या कामाची आहे. दोन घ्या आणि मोजणी पुरी करा. माणूस मिळणार नाही.

वाडगा राहू द्या. उठा. दुकान बंद आहे.

आणि बाहेर दोन पायऱ्या आहेत, भाऊ. पाय वाजवत उतरा.